कंपूच्या माळावरचा सातवा दगड

भाऊजी, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

हे मी आधी सांगून टाकतो, कारण बाकीचे तुम्हाला सगळं गोड गोडच सांगतील. अण्णांच्या दहाव्याला आपण अडीच तास उन्हात उभे होतो. तुम्ही डोक्यावर रुमाल टाकला होता आणि मी प्लॅस्टिकची पिशवी. काय काय कबूल करून पाहिलं आपण अण्णांना! आईला सांभाळू, विहिरीवरचा पंप दुरुस्त करू, मी सिगारेट सोडेन. कावळे समोरच्या झाडावर बसून नीट ऐकत होते, पण जागचे हलत नव्हते. शेवटी तुम्ही पुढे झालात, वाकून म्हणालात, "अण्णा, प्रमोदकडे मी बघतो." आणि कावळा आला. माझ्या बापाचा जीव माझ्यात अडकला होता, ही खरं तर माझ्या अभिमानाची गोष्ट. पण तो सुटला तुमच्या शब्दावर. हे मी अजून विसरलेलो नाही.

तुमच्या वेळी भटजींनी पिंड ठेवला आणि आम्ही हात जोडायच्या आत कावळा हजर. ताई रडता रडता हसली. "गेले हो समाधानाने," कुणीतरी म्हणालं. मी मात्र गार पडलो. तुमचा जीव कशात अडकलाय हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि चारचौघांसमोर ते कसं कबूल करायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. अर्धं वाक्य तयारही होतं. कावळ्याने संधीच दिली नाही. मला थोडा अपमानच वाटला.

मेहुण्याने मेहुण्यावर जळायला काही कारण लागतं. माझ्याकडे ते जिताड्याच्या डोक्यापासून होतं. ताईचं लग्न झालं, सरकारी मोजणीदार जावई पहिल्यांदा जेवायला येणार म्हणून आईने जिताडा आणला आणि डोकं तुमच्या ताटात वाढलं. त्या घरात अठ्ठावीस वर्षं ते डोकं माझं होतं. तुम्ही उरणचे, मासा कसा खावा हे तुम्हाला काय शिकवायचं. काटे तुम्ही ताटाच्या कडेला असे ओळीने रचलेत की अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "याला म्हणतात जेवणं." तोवर मी नुसतं गिळत होतो, हे त्यांच्या त्याच दिवशी लक्षात आलं असावं.

डोकं गेलं ते गेलं. पण माझी दुसरी एक मिळकत होती, कंपूचा माळ. जुन्या पुणे रस्त्याच्या अंगाला पसरलेला हा माळ. इंग्रजांच्या काळात पलटणी मुंबईहून गलबतांनी पनवेल बंदरात उतरायच्या आणि घाट चढण्याआधी तिथे तंबू ठोकायच्या, म्हणून कंपू. त्या लष्करी जागेची हद्द दाखवणारे काळे दगड अजून तिथे उभे आहेत. गुडघ्याएवढे, एका अंगाला बाण कोरलेला, बाणाखाली आकडा. लष्कर गेलं, जमीन सरकारजमा झाली, दगड राहिले. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या बायका त्यांच्यावर मोळी टेकवून दम खातात.

या दगडांच्या गोष्टी सांगायचा मक्ता आमच्या घरात माझा होता. बिनमुंडक्याचा गोरा सार्जंट, दगडाखाली पुरलेला पलटणीचा पगार, असं पुष्कळ. लग्नकार्यात पोरं माझ्याभोवती कोंडाळं करायची. तुमच्या पहिल्याच दिवाळीला मी सार्जंटाला घोड्यावर चढवत होतो, तर तुम्ही लाडू मोडत विचारलंत,

"कितव्या नंबरच्या दगडापाशी?"

"म्हणजे?"

"दगडांवर आकडे आहेत म्हणालास ना. सार्जंट कुठल्या आकड्याजवळ दिसतो?"

मला एकही आकडा माहीत नव्हता. "भाऊबीज झाली की जाऊन बघू," तुम्ही म्हणालात, आणि पोरं माझ्याभोवतालची उठून तुमच्याभोवती बसली. माझा सार्जंट एक पाय रिकिबीत घालून तसाच उभा राहिला.

पुढे किती तरी रविवार तुम्ही टेप, होकायंत्र आणि कोयता घेऊन माळावर काढलेत. मीही यायचो. ताईला वाटायचं, मेहुण्यामेहुण्यांचं गूळपीठ आहे. मी यायचो ते तुम्हाला काही सापडलं तर आपण तिथे असलेलं बरं, म्हणून. तुम्हाला सगळंच सापडायचं. करवंदीच्या जाळीतला तीन नंबर, कुंपणाच्या भिंतीत गेलेला अकरा नंबर. दगड सापडला की त्याच्या बुडाशी तुम्ही हातभर खणून पाहायचात. एक नंबरखाली काळी माती निघाली, कोळशाचे तुकडे, फुटक्या मडक्याच्या खापऱ्या. मी लगेच म्हटलं, पलटणीची चूल. तुम्ही टेप गुंडाळत समजावलंत, जुने मोजणीवाले दगड रोवण्याआधी खड्ड्यात कोळसा आणि खापऱ्या पुरायचे. दगड कुणी उचलून नेला तरी कोळसा कुजत नाही, तिथेच राहतो, त्यावरून मूळ जागा कळते. खरं सांगू, मला माझी चूल जास्त आवडली होती.

बारांपैकी अकरा दगड सापडले. सात सापडेना.

सात कुठे आहे हे मला माहीत होतं, कारण तो मीच नेला होता. आठवीत असताना. ओढ्याकाठच्या करंजाच्या झाडाखालून आम्ही चौघांनी तो पहारीने उपटला आणि गडगडवत ऐंशीएक पावलं लांब, कातकरी वाडीच्या अंगाच्या मोकळ्या जागेत आणून उभा केला. स्टंप म्हणून. लाकडी स्टंप कुणाच्या तरी चुलीत जायचे, दगडाला कोण नेणार? त्यावर चेंडू बसला की असा ठण्ण आवाज व्हायचा की बॅट्समन निमूट चालायला लागायचा. पुढे आम्हाला मिशा फुटल्या, पिच गवतात गेलं, दगड तिथेच रुतला.

त्या दिवशी तुम्ही ओढ्याकाठी दोन तास शोधून दमलात. चष्मा काढून घाम पुसत बसला होतात. तुम्हाला हरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. किती बरं वाटलं असेल मला, सांगता येत नाही. त्या बरं वाटण्याच्या भरातच मी म्हणालो, "चला, सात मी दाखवतो."

दगड बघून तुम्ही गुडघ्यावर बसलात, आकड्यावरचं शेवाळ अंगठ्याने काढलंत. "इथेच होता हा?"

"इंग्रज गेल्यापासून. काय, त्याच्याही आधीपासून. आजोबा यालाच बैल बांधायचे."

आजोबांकडे बैल नव्हते. आजोबांचं शिवणयंत्र होतं. हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

तुम्ही खणायला कुदळ उचललीत, मग परत खाली ठेवलीत. "तू लहानपणापासून बघतोयस ना? मग राहू दे." आणि नकाशाच्या कागदावर तुमच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंत: सात, प्रमोद यांच्या माहितीवरून. प्रमोद यांच्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी थाप लिहून घेत होतं, तेही तुम्ही. अशा वेळी माणसाने क्रिकेटचा विषय कसा काढायचा?

आणि मग तुमचा माझा तो वाद सुरू झाला, जो तुम्हाला वाद वाटत नव्हता. सहापासून सरळ येणारी रेष सातापाशी वाडीच्या बाजूला पोट काढायची आणि आठाला परत जागेवर यायची. "प्रमोद, साहेबाने इथेच रेष वाकडी का मारली असेल रे?" गणपतीत विचारलंत, शिमग्याला विचारलंत, एकदा माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये विचारलंत. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी मडमेची गोष्ट रचली. सार्जंटाच्या मडमेला तिथल्या जांभळाची सावली आवडायची, म्हणून नवऱ्याने झाड हद्दीत घेतलं. तुम्ही मान हलवलीत. "बसत नाही काहीतरी," म्हणालात. पण गोष्ट तुम्हाला आवडली. इतकी, की पुढे तुमच्या पुतण्याच्या लग्नात तुम्ही ती पंगतीत सांगितलीत, आणि लोक पोट धरधरून हसले. माझी थाप तुमच्या तोंडून माझ्यापेक्षा चांगली वाटत होती. मी मठ्ठा पीत बसलो.

एवढ्यावर राहिलं असतं तर माझी जळजळ आणि मी, दोघंही सुखाने म्हातारे झालो असतो. पण यंदा त्या सरकारी जमिनीवर गोदामं येणार असं ठरलं. हद्दीच्या आत ज्यांची घरं आहेत त्यांनी उठायचं, बाहेरच्यांनी राहायचं. जुना इंग्रजी नकाशा निघाला, तो नेमका सातच्या कोपऱ्यावर वाळवीने खाल्लेला. मग कुणाला तरी आठवलं, की निवृत्त मोजणीदारांनी हौसेने केलेला एक नकाशा आहे, एकदम पक्का. त्या पक्क्या नकाशाच्या झेरॉक्स तहसीलसमोरच्या दुकानात निघाल्या. दुकान माझं. मी स्वतःच्या हाताने गठ्ठा काढला, स्टेपलर मारला, आणि सातापाशी पोट काढलेली ती रेष प्रत्येक कागदावर बघितली. त्या पोटात वाडीतली तीन घरं होती. पहिलं कमळचं.

तुम्ही तेव्हा हॉस्पिटलात होतात, नळ्या लावलेले. कमळ वीटभट्टीवरून थेट आली होती, पायाला राख तशीच. तिने एकेका मोसमाला थोड्या थोड्या विटा आणून ते घर उभं केलंय, हे तुम्हाला माहीत होतं. चौकटीला ओळंबा तुम्हीच लावून दिला होतात.

"मोजणीवाल्या, माजं घर आत कसं रं?"

"दगड तिथे आहे, कमळ. मी काय करू."

"तू नको काय करू. तू बरा हो आदी," ती म्हणाली. ती गेल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी खुर्चीत बसून मोसंबं सोलत होतो. खूप वेळ सोलत होतो.

त्यानंतर तीनदा सांगायला आलो. पहिल्यांदा तुमच्या खात्यातले जुने लोक होते, कॉटभोवती उभे राहून तुमच्या मोजण्यांच्या आठवणी सांगत होते, मला बसायलाही जागा नव्हती. दुसऱ्यांदा डॉक्टर आत होते. तिसऱ्यांदा आपण दोघंच होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "प्रमोद, एक गोष्ट सांग. खरी नको. खऱ्याने कंटाळा आलाय."

मी सार्जंटाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांनी त्याला घोड्यावर नीट बसवला, माळाला फेरी मारून आणला. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात आणि एकदाही आकडा विचारला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात रंगलेली गोष्ट ती, भाऊजी. ती सांगायला नको होती.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी ताईला सगळं सांगितलं. ती तुमचे चष्मे डब्यात भरत होती. तिने ऐकून घेतलं.

"झालं तुझं?"

"ताई, खरं आहे हे."

"ते होते तोवर जळलास. मला काय दिसत नव्हतं? आता ते गेल्यावर त्यांचा नकाशा चुकलाय म्हणून सांगत सुटणार तू?"

"नकाशा नाही चुकला. मी चुकीचं सांगितलं त्यांना."

"ते तुझ्या सांगण्यावर जातील? ते?" असं म्हणून ताई हसली. तिला ते शक्यच वाटेना. इतकी वर्षं मी मारलेल्या थापा तिने खुशाल ऐकल्या, आणि ही एक खरी निघाली तर दाराकडे बोट. जाताना म्हणाली, "भाजीचा डबा घेऊन जा." तेवढी बहीण होती.

मोजणी सोमवारी होती. शनिवारी मी वाडीवर गेलो. कमळ अंगणात सुका जवळा निवडत होती.

"कमळ, सातचा दगड मूळ जागेवर नाही. मी हलवला होता. लहानपणी."

तिने सूप खाली ठेवलं. "कुटं व्हता?"

"ओढ्याकाठी. करंजाखाली."

"माजा बाप त्येच सांगत व्हता. दगुड वड्याकाठी व्हता, पोरांनी आनला. मोजणीवाल्यालाबी बोलला. मोजणीवाला बोलला, नाय काका, पमोद सांगतो हितंच व्हता." ती माझ्याकडे नीट बघत होती. रागाने नव्हे, एखादं भांडं कुठे चिरलंय ते बघावं तशी. "बाप गेला, त्याला वाटलं आपलीच नदर गेली म्हनून."

भाऊजी, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या कानावर दोन साक्षी आल्या होत्या. एका म्हाताऱ्याची, ज्याचा जन्म त्या माळावर गेला, आणि एक माझी. टेपने मोजल्याशिवाय तुम्ही घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाहीत, आणि इथे तुम्ही माझी निवडलीत. मला तुमच्यावर जळायची इतकी सवय की त्या क्षणी कशावर जळावं हेच कळेना. तुम्ही माझ्यावर माया केलीत, आणि त्यापायी कमळच्या बापाला खोटं ठरवलंत. यावर तुमच्याशी भांडायचं राहिलंय. ते भांडण मी जिंकलो असतो, म्हणून जास्त वाईट वाटतं.

"दगड नाही बोलणार, पण खाली कोळसा असतो," मी कमळला म्हटलं. "मूळ जागी."

"कोनी सांगितलं?"

"मोजणीवाल्याने."

"मंग आसंल," ती म्हणाली, घरात गेली, पहार आणून माझ्यापुढे धरली. "खन."

"मी?"

"मंग आमी हलवला व्हता?"

करंज कधीच पडलंय. खोड कुजून गेलेलं, अंदाजाने खणायचं. पहिल्या खड्ड्यात ओढ्याचं पाणी लागलं. दुसऱ्यात बाटलीचं तोंड निघालं. कमळ काठावर उकिडवी बसून माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "झेराकसच्या मशिनीला नाय जमत व्हय ह्ये?" तोवर वाडीतली पाचसहा माणसं जमली होती, पण पहार कुणी मागितली नाही. मीही दिली नसती. तिसऱ्या खड्ड्यात हातभर खाली मातीचा रंग बदलला. मी पहार टाकली आणि हातांनी उकरायला लागलो. काळी भुसभुशीत माती, त्यात बोटाएवढे कोळसे, मडक्याच्या काठाचे दोन तुकडे. कमळने एक कोळसा नखाने खरवडून पाहिला. "कोलसाच हाय," ती म्हणाली, आणि जमलेल्या माणसांना दिसावा म्हणून तो वर धरला.

मान वर केली तर पलीकडे छत्री घेऊन ताई उभी. कधी आली कोण जाणे. ती ओढा उतरून आली, खड्ड्यात वाकली, एक कोळसा उचलून पदराला पुसला, तुमचा चष्मा पुसायची तसा. मग परत होता तिथे ठेवला.

"आता तरी काही हलवू नकोस," म्हणाली.

सोमवारी मोजणीच्या बाई आल्या. तरुण आहेत, तीन पायांच्या मशीनवर उपग्रहावरून मोजतात. त्यांच्या हातात तुमच्या नकाशाची झेरॉक्स होती, माझ्याच दुकानातली. बाईंनी खड्डा बघितला, कोळशाचे फोटो काढले आणि सातच्या टिपेवर बोट ठेवलं. "हे प्रमोद तुम्हीच?"

"मीच."

"मग आधी तसं का सांगितलंत?"

"ते खोटं होतं. दगड मी हलवला होता."

"पंचनाम्यात कारण लागेल. कशासाठी हलवला?"

"क्रिकेट."

बाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "क्रिकेट असं लिहू?"

"लिहा. स्टंप म्हणून, असंही लिहा."

मागे कुणीतरी हसलं. बाई लिहीत होत्या. सहा, सात आणि आठ सुतासारखे एका रेषेत आले, आणि तिन्ही घरं बाहेर राहिली. इंग्रजाने कुणाच्याही मडमेसाठी काहीही वाकडं केलं नव्हतं. मग बाईंनी नकाशावरची ती टीप खोडली आणि मला खोडलेल्या जागी सही करायला लावली. तुमच्या नकाशावर माझं नाव एकाच ठिकाणी होतं.

वाडीत सगळे म्हणत होते, मोजणीवाल्याच्या कोळशाने घरं वाचवली. हाताला फोड माझ्या आले होते. कमळने मला चहा दिला, तुमचं नाव घेत घेत.

तोवर बाई म्हणाल्या, एक दगड चुकला तर बाकीचे अकराही तपासावे लागतील. मी म्हटलं, येतो मी दाखवायला. करवंदीच्या जाळीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत संध्याकाळपर्यंत त्यांच्या मागे मागे फिरलो. प्रत्येक दगडापाशी त्या मशीनचा आकडा वाचायच्या आणि तुमच्या कागदावरच्या आकड्याशी लावून बघायच्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून डोकावायचो, कुठे तरी वीतभर चूक निघेल म्हणून.

नाही निघाली, भाऊजी.